रूपलचे कापलेले मार्क

भुसावळ स्टेशनवर कुणीतरी रूपल छाजेडच्या हातात सोललेलं केळं ठेवलं आणि निघून गेलं. ती तेव्हा शाळेत होती, सुट्टीला घरी आली होती. वडील डब्यातून सामान उतरवत होते आणि ती काठी घेऊन बाजूला उभी होती. कुणी ठेवलं, कशासाठी ठेवलं, हे विचारायला माणूस जागेवर उरलाच नव्हता. उन्हाळा मरणाचा होता. केळं पिकून लिबलिबीत झालेलं, ते बोटांमधून मनगटावर ओघळायला लागलं. वडिलांनी येऊन रुमाल दिला आणि समजूत घातली की जाऊ दे, कुणीतरी पुण्य कमवत असेल.

"मॅडम, मला केळ्याची नाही, त्या पुण्याची शिसारी आली," असं ती मला सांगायची, आणि सांगताना हात ओढणीला पुसायची.

मी भुसावळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. कॉलेजचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते अजून तिथेच नोकरीला आहेत आणि मीही आहे.

रूपल आमच्याकडे अकरावीला आली ती नाशिककडच्या निवासी शाळेतून दहावी होऊन. जन्मली तेव्हा तिला दिसत होतं. मग थोडं थोडं कमी होत गेलं आणि चौथीत असताना सगळंच गेलं. वडील मोहनलाल यांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. हळू आवाजात बोलणारा माणूस, गिऱ्हाइकाने कितीही घासाघीस केली तरी कपाळाला आठी नाही. मुलगी नेमकी उलटी. तिला राग यायचा असं मी म्हणणार नाही, कारण राग येतो आणि जातो. तिला किळस यायची, आणि ती राहायची. न विचारता दंड धरून रस्त्यापलीकडे ओढणारे लोक, तिच्यासमोर तिच्या वडिलांना "हिला चहा चालतो का" विचारणारे पाहुणे, डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडणाऱ्या बायका, या सगळ्यांचा तिला वीट आला होता आणि ती तो झाकून ठेवत नसे. लोक म्हणायचे, एवढं होऊनसुद्धा पोरीत नरमाई म्हणून नाही. जणू आंधळ्या माणसाने नरमाईचं कर्ज काढलेलं असतं.

कला शाखेत गणित घेता येतं, फार कुणी घेत नाही. रूपलने घेतलं. आमचे उपप्राचार्य धनसिंग सर स्वभावाने वाईट नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि प्रेमाने सांगितलं की हा विषय म्हणजे नसता ताप आहे, त्यापेक्षा दुसरं काही घे. ती हलली नाही तेव्हा त्यांनी नियम सांगितला. आकृतीचे, ग्राफचे प्रश्न तिला सोडवावे लागणार नाहीत. त्यांच्या जागी दुसरा, सरळ प्रश्न मिळेल. सवलतच आहे तशी. हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला होता, की जणू घरातली वस्तू काढून देत आहेत.

"सवलत मागितली कुणी?" रूपलने विचारलं.

धनसिंग सर हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, पोरगी तिखट आहे, पण देव करो आणि निभाव लागो.

गणित शिकवायचे अभिमन सर. ते रावेरकडचे, भावाची केळीची बाग आहे, हे रोज गाडीने ये-जा करतात. विषय पक्का, पण माणूस दमलेला. वर्षानुवर्षं तेच धडे, त्याच चुका, तेच "सर, हे परीक्षेला येतं का?" त्यांची सवय फळ्याकडे तोंड करून बोलायची. "हे इथून असं येतं, इथं आल्यावर असं होतं, मग हे तिकडे असं जातं." खडू फिरायचा, डोळस मुलं वहीत उतरवायची. रूपलला मात्र नुसतं "असं" आणि "तसं" ऐकू यायचं.

लिमिटचा धडा सुरू झाला तेव्हा तिने उभं राहून विचारलं, "सर, असं म्हणजे कसं?"

सर म्हणाले, "तुला ग्राफ नाही, रूपल. तू सूत्रांकडे लक्ष दे."

डॉक्टर पेशंटला "तुम्हाला मीठ नाही" सांगतात तसं. सर पुन्हा फळ्याकडे वळले. ती बसली. मागच्या बाकावरच्या भूषण नावाच्या मुलाने मधल्या सुट्टीत तिला मदत म्हणून सांगितलं की त्यात काही अवघड नाही. ग्राफमध्ये एक रेघ असते, कुठे पोकळ गोल तर कुठे भरीव ठिपका असतो, तो ठिपका किती उंचीवर आहे ते बघायचं आणि लिहून टाकायचं. त्याच्या खासगी क्लासमध्ये तशी युक्तीच शिकवली होती, "ठिपका बघा, उत्तर लिहा."

रूपलला ते पटेना. उत्तर ठिपक्यातच असेल तर रेघ काढायची कशाला? आणि सर डावी लिमिट, उजवी लिमिट असं दोनदा कशाचं विचारतात? भूषणने प्रामाणिकपणे सांगितलं की ते त्यालाही माहीत नाही, पण मार्क मिळतात.

तिच्या इमारतीत तळमजल्यावर ज्योती वहिनी राहते. माहेर साक्रीकडचं, बोली अहिराणी, नववी झाली आणि लग्न लागलं, आता घरी मशीनवर ब्लाउज शिवते. रूपल पुस्तक घेऊन तिच्याकडे गेली आणि भूषणने खूण घालून दिलेलं ग्राफचं पान उघडून समोर धरलं. हे मला शिवून दे म्हणाली.

ज्योती वहिनीने पुस्तक आडवंउभं करून पाहिलं. "हाई काय शे, माय? झंपर नही, पिशवी नही."

रूपलने तिला समजावलं. खाली आडवी रेघ, डावीकडे उभी रेघ, दोन्हींवर सारख्या अंतरावर गाठी मारायच्या म्हणजे मोजता येईल. मधली वळणारी रेघ दोरीची. चित्रात जिथे पोकळ गोल असेल तिथे काज करायचं आणि जिथे भरीव ठिपका असेल तिथे गुंडी लावायची.

"बठ्ठं शिवी देसू," ज्योती वहिनी म्हणाली, "पण गुंडी कोठे अन् काज कोठे, ते चित्रमा दखाडीसन सांग."

दाखवायला रूपलला ते दिसत नव्हतं, हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. मग ज्योती वहिनीनेच आपल्या नजरेने शिवलं. कॉलरच्या आत घालतात त्या कडक बकरमचा तुकडा घेतला, ब्लाउजच्या काठाला लावायची दोरी टाचली, काज कापून त्याच्या कडा दोऱ्याने बांधल्या. असे दोन तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रूपल ते घेऊन स्टाफरूममध्ये आली. मी समोरच चहा पीत होते. अभिमन सरांनी ते कापड हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं आता वैतागतील. पण त्यांनी डब्याचं झाकण लावून डबा बाजूला सारला, कापड टेबलावर सरळ केलं आणि तिला बसायला सांगितलं.

"डावं बोट दोरीवर ठेव. डावीकडून तीनकडे ये. खाली गाठी मोज. काजात बोट घालू नको. काजाच्या अगदी जवळ आलीस की सांग, किती उंचीवर आहेस?"

तिने बोट सरकवलं, दुसऱ्या हाताने कडेच्या गाठी मोजल्या. "दोन."

"आता उजवं बोट पलीकडून आण."

"तेही दोनवरच येतंय."

"दोन्हीकडून दोन. म्हणजे तीनजवळ लिमिट दोन."

"पण सर, वर गुंडी आहे. चारवर."

"ती फलाची, म्हणजे फंक्शनची, किंमत. तीनवर पोचल्यावर काय मिळतं, ते गुंडी सांगते. तीनकडे येताना कुठे चाललोय, ते दोरी सांगते. लिमिट दोरीला विचारायची. गुंडीला नाही."

रूपलने दोन्ही बोटं मागे नेली आणि पुन्हा आणली. काजाच्या दोन कडांशी तिची बोटं समोरासमोर थांबली, एकाच उंचीवर. मग तिने दुसरं कापड ओढलं. त्यात दोरी तुटलेली होती. डावं बोट खाली एकवर येऊन काजाशी थांबलं. उजवं बोट उतरत उतरत चारवर आलं आणि तिथे दोरीच्या टोकालाच गुंडी होती.

"भेटली का बोटं?" सरांनी विचारलं.

"नाही. एक खाली आहे, एक वर."

"मग डावी लिमिट एक, उजवी लिमिट चार. आणि दोन्ही बाजूंची म्हणून जी एक लिमिट असते, ती इथे नाहीच."

"उजव्या टोकाला गुंडी असूनसुद्धा?"

"असूनसुद्धा."

ती हसली. कॉलेजात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. म्हणाली, "म्हणजे ती क्लासवाली मुलं डोळे असून नुसत्या गुंड्याच बघतात." त्या हसण्यात भूषणबद्दल आणि त्याच्या क्लासबद्दल पुरेपूर तुच्छता होती. सरांनाही हसू आलं. त्या दिवसापासून त्यांनी तिच्यासाठी कागदावर ग्राफ काढून द्यायला आणि ज्योती वहिनीने ते शिवायला सुरुवात केली.

हे इतक्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण धनसिंग सर एकदा त्याच वेळी स्टाफरूममध्ये आले, कापडावर फिरणारी बोटं पाहिली आणि लगेच मोबाईल काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो शिक्षकांच्या, पालकांच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत होता. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. एकाने लिहिलं होतं की देव एक घेतो आणि दुसरं देतो. रूपलला भूषणने ते वाचून दाखवलं. तिने विचारलं, देवाने ज्योती वहिनीला शिलाई मशीन दिली होती, ते याच्यात कुठे आलं?

मग जळगावहून एका सेवाभावी मंडळाचं बोलावणं आलं. सत्कार. तिने नाही म्हटलं. धनसिंग सर घरी जाऊन मोहनलालना भेटले. मोठी मोठी माणसं येणार आहेत, नाही म्हणणं बरं दिसत नाही. मोहनलाल मुलीला म्हणाले की अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, लोकांचं मन राहील. ती वडिलांसाठी तयार झाली. सोबत म्हणून मी गेले.

हॉलमध्ये पंखे बंद, फुलांचा कुबट वास. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं आणि येणारा प्रत्येक जण वाकून तिच्या कानाशी मोठ्याने बोलायचा, जणू तिला ऐकूही येत नाही. एका बाईंनी "तोंड उघड गं बाळा" म्हणत उत्तर यायच्या आत तिच्या तोंडात पेढा कोंबला. बाईंच्या बोटांना अत्तर होतं. रूपलने तो पेढा रुमालात काढला आणि रुमाल माझ्याकडे दिला. नंतर भाषण झालं. पाहुणे म्हणाले, या मुलीच्या बोटांत ईश्वराने डोळे ठेवले आहेत. टाळ्या पडल्या. तिच्यापेक्षा आपण डोळस लोक किती करंटे, असं ते पुढे म्हणाले, आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. स्वतःला करंटं म्हणवून घ्यायला माणसांना इतकं सुख होतं, हे मी तिथे पाहिलं.

मग फोटो. संयोजकांनी सोबत आणायला लावलेलं तिचं ते कापड तिच्यापुढे टेबलावर पसरलं, तिचं मनगट धरलं आणि बोट दोरीवर नेऊन टेकवलं. फोटोवाला म्हणाला, थोडं हसा. रूपलने बोट जरासं इकडेतिकडे फिरवलं आणि मान माझ्याकडे वळवली.

"मॅडम, कापड उलटं ठेवलंय यांनी. खालचं वर आहे."

सांगू का, मी विचारलं.

"नको. छापू द्या."

तसंच छापून आलं. अभिमन सरांनी पेपर पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, या फोटोत दोरी आडव्या रेघेच्या खाली गेली, आपल्या सगळ्या लिमिट उणे झाल्या. कुणाला तो विनोद कळला नाही. रूपलला मी फोनवर सांगितला, तेव्हा तिने पेपर जपून ठेवायला सांगितला नाही. रद्दीत घाला म्हणाली.

वार्षिक परीक्षा आली. तिने अर्ज दिला की लिमिटच्या प्रश्नात मला सवलत नको, सगळ्यांना जो ग्राफ आहे तोच मला द्या. वर्तमानपत्रात नाव आल्यामुळे धनसिंग सरांनी लगेच मान्य केलं. लेखनिक म्हणून ज्योती वहिनी बसणार होती, म्हणून ग्राफ तिच्याकडून शिवून घेता येईना. अभिमन सरांनी तो घरीच केला. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली, पोकळ गोलासाठी खिळ्याने भोक पाडलं, भरीव ठिपक्याच्या जागी हरभऱ्याची डाळ लावली. ओबडधोबड होता, पण बरोबर होता. मी पाहिला आहे.

प्रश्न दोन जागांबद्दल होता. एक्स चार असताना डावी लिमिट, उजवी लिमिट आणि दोन्ही बाजूंची लिमिट. आणि एक्स दोन असताना लिमिट किती, फलाची किंमत किती. रूपलने चारचा भाग आधी घेतला. सुतळी तिथे तुटली होती. तिने पुन्हा पुन्हा बोटं फिरवून खात्री केली, दोन्ही बाजू सांगितल्या आणि लिमिट अस्तित्वात नाही असं कारणासह लिहवलं. त्यात वेळ गेला. पुढचे प्रश्न राहिले होते. दोनपाशी येताच तिच्या बोटाला पाचच्या उंचीवर डाळ लागली. तिने वहिनीला सांगितलं, लिमिट पाच, किंमत पाच.

सुतळी दोन्ही बाजूंनी तीनवर येत होती. खाली तीनवर भोक होतं. तिने तिथपर्यंत बोट नेलंच नाही.

हे तिच्या लक्षात आलं ते जिना उतरताना. कठडा धरून ती तशीच उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी गुंडी बघितली." भूषणला हसली होती ना, तीच चूक. तिला स्वतःचा तिटकारा आला होता. तरी मला वाटतं, तेवढं ती सहज पचवू शकली असती. चूक झाली, मार्क जातील, पुढच्या वेळी सावध राहू. इतका साधा हिशोब होता.

निकाल लागला. रूपल गणितात वर्गातल्या पहिल्या काही मुलांमध्ये होती. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला, त्यात तिचा चेहरा सगळ्यांहून मोठा. उत्तरपत्रिका पाहायला मिळतात तेव्हा तिने मला तिची वाचून दाखवायला सांगितली. ग्राफच्या प्रश्नापुढे पूर्ण मार्क होते. मी पुन्हा पाहिलं. लिमिट पाच, खाली बरोबरची खूण.

शेजारीच भूषण आपली उत्तरपत्रिका चाळत होता. तिने त्याला विचारलं, दोनची लिमिट काय लिहिलीस? पाच, तो म्हणाला, कापले सरांनी. कापलेल्या जागी लाल अक्षरात लिहिलं होतं, "दोन्ही बाजूंनी बघ."

रूपलने आपली उत्तरपत्रिका माझ्या हातातून घेतली आणि काठी टेकत सरळ अभिमन सरांपुढे जाऊन उभी राहिली. स्टाफरूममध्ये चारपाच जण होते. तिने विचारलं, हे मार्क कसे दिले?

सर गडबडले. म्हणाले, पुठ्ठा माझा ओबडधोबड झाला होता, तुझी चूक धरता येत नाही.

"पुठ्ठा ठीक होता. भोक बोटाला लागत होतं. मी गेलेच नाही तिथे."

मग सर म्हणाले की तिने एवढे कष्ट घेतले, मुख्य भाग बरोबर आहे, असे मार्क मी सगळ्यांनाच देतो.

"भूषणला दिले नाहीत."

सर चिडले. दमलेला माणूस चिडतो तसे, एकदम आणि अपमान झाल्यासारखे. म्हणाले, मार्क दिले म्हणून जाब विचारणारी तू पहिलीच. तुझ्यासाठी मी घरी सुतळ्या चिकटवत बसलो, त्याचं हे फळ का?

रूपलचा आवाज वाढला नाही. ती म्हणाली, "सर, भूषणची चूक तुम्ही वाचली. माझी वाचलीच नाही. सुतळी चिकटवून मला वर्गात घेतलंत आणि मार्क देऊन परत बाहेर काढलंत."

ती गेल्यावर स्टाफरूममध्ये जे बोललं गेलं ते लिहायची मला लाज वाटते. उपकाराची जाण नाही. आंधळ्यांचा स्वभाव संशयी असतोच. पेपरात फोटो आला की असंच होतं. हेच लोक सत्काराचा फोटो हात जोडून पुढे पाठवत होते.

तिने धनसिंग सरांकडे अर्ज दिला की माझे मार्क कमी करावेत. त्यांना तो खरोखरच कळला नाही. त्यांनी तो वाचला, मला बोलावून विचारलं की पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना. निकाल जाहीर झाला, फ्लेक्स लागला, आता कमी कसे करायचे? आणि मिळाले त्याची तक्रार कशाला? मोहनलालना बोलावलं. ते आले, हात जोडून उभे राहिले, मुलीच्या वतीने माफी मागितली. घरी जाऊन म्हणाले, बेटा, लोक चांगुलपणाने देतात, ते असं तोंडावर फेकू नये. रूपलने ताट बाजूला केलं. वडिलांशी ती कित्येक दिवस धड बोलली नाही. मला म्हणाली, बाहेरच्यांची किळस आली तर घरी येता येतं, घरच्यांची आली तर कुठे जायचं?

ज्योती वहिनी तेवढी तिच्याकडे पाहून हसत होती. "मार्क कमी करा म्हनीसन भांडस, अशी पोर मी कधी देखी नही," म्हणाली, आणि मशीन चालवत राहिली. हसली, पण दया केली नाही. रूपल त्या दिवसांत संध्याकाळी तिथेच जाऊन बसायची.

सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात अभिमन सरांनी मला निरोप दिला की रूपलला घेऊन या. स्टाफरूममध्ये तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्यापुढे तिची उत्तरपत्रिका उघडी होती आणि तिच्यावर नव्या लाल खुणा होत्या. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. म्हणाले, "मी पूर्ण पेपर पुन्हा तपासला. पहिल्यांदा नाव बघून तपासला होता. आता ऐक."

लिमिटच्या प्रश्नात मार्क गेले होतेच. पण आणखी दोन ठिकाणी गेले होते. एका गणितात मधली पायरी नव्हती, दुसऱ्यात चिन्ह चुकलं होतं आणि तरी उत्तर बरोबर धरलं होतं. सर एकेक वाचत गेले. रूपलचा चेहरा उतरत गेला. तिने एका चुकीचे मार्क कापायला सांगितले होते, इथे चुका तीन निघाल्या. पहिल्या मुलांमधून ती चांगलीच खाली घसरली. मला वाटलं रडेल. ओठ घट्ट दाबून बसली होती. मग म्हणाली, "ती मधली पायरी पुन्हा वाचा."

सरांनी वाचली.

"पायरी आहे, सर. आधीच्या ओळीतच आहे. मी दोन पायऱ्या एकदम सांगितल्या, वहिनीने एका ओळीत लिहिल्या."

सर म्हणाले, नाही. ती म्हणाली, आहे. दोघंही हट्टाला पेटले. त्यांनी कागदावर मांडून पाहिलं, मोठ्याने वाचलं, ती मध्येच थांबवून चिन्ह विचारत होती, ते वैतागून पुन्हा सांगत होते. शिपाई कुलूप लावायला येऊन दोनदा परत गेला. शेवटी सरांनी लाल रेघेवर रेघ मारली आणि ते मार्क परत दिले. "दिले," असं त्रासिकपणे म्हणाले. ती म्हणाली, "दिले नाहीत, होतेच."

सरांनी मान हलवली, उत्तरपत्रिका मिटली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

कॉलेजच्या नोंदीत मात्र जुनेच मार्क राहिले. धनसिंग सरांनी ती फाईल उघडायला नकार दिला. फ्लेक्सही पावसाळा लागून फाटेपर्यंत तिथेच होता, रूपलच्या मोठ्या चेहऱ्यासकट. येताजाता लोक तिला त्याबद्दल सांगत आणि ती मान फिरवून चालू लागे. बारावीला अभिमन सरांनी तिचे पेपर इतके कडक तपासले की एका चाचणीत ती काठावर पास झाली. बोर्डाच्या परीक्षेत ग्राफऐवजी दुसरा प्रश्न आलाच. तो तिने तोंड वाकडं करून सोडवला.

आता ती धुळ्याला वसतिगृहात राहून बी. ए. करते, गणित घेऊनच. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. मेसमधल्या भाजीत रोज पाणी असतं, खोलीतली एक मुलगी तिच्या वस्तू न विचारता आवरून ठेवते आणि मग त्या सापडत नाहीत, अशा तक्रारी तिने आधी केल्या. एका पेपरात नापास झाली आहे, हे त्या ओघात सांगितलं. पुन्हा कधी बसणार विचारलं, तर म्हणाली दिवाळीनंतर, आणि त्या विषयाच्या प्राध्यापकांचं शिकवणं किती भिकार आहे ते सांगायला लागली.